आब्या वल्द सट्वा

श्रावस्तीनं माझा बाप दोन दिवस माझ्यापासून लपवून ठेवला. एखादा पोरगा लपवला असता तर मी चार भांडी आदळून गप बसले असते. कॉलेजात जाणाऱ्या पोरींचं तेवढं चालायचंच. पण बाप माझा, आणि लपवणारी माझी नात. बरं, लपवला तो लपवला, आणि आधी सांगितला कुणाला, तर तिच्या मैत्रिणीला, त्या निकिताला, जी स्वतःच्या बापाला 'पप्पू' म्हणते आणि तो बावळट ओ देतो. मी मागच्या दारी पायरीवर बसून सुपात डाळ निवडत होते. आत हॉलमधे श्रावस्ती फोनवर बोलत होती, म्हातारीला ऐकू जात नाही अशा समजुतीनं. म्हातारीला गुडघ्यांनी दगा दिलाय, कानांनी नाही. "अगं सापडला," ती म्हणत होती, "परवाच सापडला. पण आब्या म्हणून सापडला गं. आजींना कुठल्या तोंडानं सांगू?"

सुपातला हात तिथंच राहिला. दाताखाली खडा आला की जीभ आधी आखडते आणि कळ नंतर येते, तसं झालं. हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारून साठ वर्षं होऊन गेली असतील. उच्चारायची कुणाची टाप नव्हती. आणि आज माझ्याच घरात, माझ्या लेकानं हप्ते भरून घेतलेल्या घरात, पंख्याखाली पाय पसरून माझी नात तो शब्द म्हणत होती, आणि वर 'सापडला' म्हणत होती. डाळीचा वास गेला आणि गुळाचा आला. उन्हानं पाझरलेला गूळ, रॉकेल, गोणपाट. आमच्या कट्टेवाडीतल्या दुकानाचा वास. लोहाऱ्याच्या पुढं आमचं गाव. दुकानदार ओट्यावर, आम्ही बापलेक खाली धुळीत. "ए आब्या," तो वर न बघता म्हणायचा. बापाचा आधी खांदा खाली यायचा, मग मान, मग आवाज. "जी." ज्या आवाजानं तो घरात आईला हसवायचा, रात्री वस्तीवर गाणी म्हणायचा, तो एवढा मोठा आवाज त्या एका 'जी'त मावायचा कसा, हे मला कळायचं नाही. मला वाटायचं, माझ्या बापाच्या आत दुसरा एक बारका माणूस राहतो आणि दुकानदार त्याला हाक मारतो. घरात आबा, वस्तीत आबाराव, वेशीच्या आत आब्या. वेशीपाशी पायताण काढून हातात घ्यायचं, तसं 'राव' काढून घ्यायचं आणि परत येताना चढवायचं. एकदा परत येताना मी विचारलं होतं, "आबा, तुमचं नाव त्यान्ला येत न्हाय का?" बाप चालता चालता म्हणाला, "येतंय की. जड हुतंय."

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. अक्षराला अक्षर लावून वाचते, सही करते, त्याच्या पुढं मला शाळेची गरज पडली नाही. पण माणसाचं नाव पुरं घ्यायचं, हे मी शाळेविना शिकले आणि घरादाराला शिकवलं. माझा लेक धम्मपाल लहान असताना शेजारच्या बाईनं भिंतीवरून 'ए धम्या' अशी हाक दिली. मी तिला भिंतीपाशी बोलावून विचारलं, "बाई, अख्खं नाव एका दमात पेलत न्हाय का? मग दोनदा दम घ्या, पण पुरं म्हणा." माझ्या सुनेला, पौर्णिमाला, माहेरी पुनी म्हणतात, ते तिनं माहेरीच ठेवलंय. श्रावस्तीला तिच्या मैत्रिणी 'श्रावू' म्हणाल्या तेव्हा मी त्यांना पोहे दिले आणि सांगितलं, श्रावस्ती म्हणजे बुद्ध जिथं राहिला ते गाव. गावाला कुणी लाडानं हाक मारतं का? उद्या लोहाऱ्याला लोहू म्हणाल. मला घरात सगळे 'तुम्ही' म्हणतात. ते कुणी आपणहून दिलेलं नाही, मी मागून घेतलंय. लोक म्हणतात म्हातारीला लई ताठा. असू दे. ताठा कुठून आला ते त्यांनी धुळीत उभं राहून बघितलं नाही.

हे हुडकणं सुरू झालं ते प्रेमानंदमुळं. प्रेमानंद माझ्या चुलत भावाचा मुलगा. कट्टेवाडीला आमच्या वस्तीत विहाराला लागून पोरांसाठी अभ्यासिका बांधलीय, तिच्या समितीचा तो अध्यक्ष. नाव काय द्यायचं म्हणून बैठक होती. मी इथून धाराशिवहून एसटीनं आणि पुढं जीपनं गुडघे आवळत गेले आणि उभी राहून म्हटलं, आबाराव सट्वाजी बनसोडे यांचं नाव द्या. निजामाच्या राज्यात दौऱ्यावर साहेब आला की त्याचा बिछाना, पेट्या, कोंबड्यांचं खुराडं आपल्या माणसांनी डोक्यावर घ्यायचं आणि पुढच्या गावाला फुकट पोचवायचं, त्याला वेठ म्हणायचे. माझ्या बापानं ते ओझं शिवेवर खाली ठेवलं आणि त्याच्यावर बसला. ऊठ म्हटलं तर उठला नाही. धरून नेला. मी जन्मायच्या आधीची गोष्ट, आईनं मला शंभरदा सांगितलेली, दर वेळी 'त्याच्यावर बसला' इथं आली की तिचा पदर तोंडाला जायचा. प्रेमानंद गालात हसला. म्हणाला, "आत्या, आपल्या वस्तीत कुणालाबी इचारा, ज्याचा त्याचा बाप वझ्यावर बसला हुता. मग वझं उचललं कुणी?" सगळी सतरंजी हसली. बोलणं झकास होतं. दुसऱ्या कुणाच्या बापावर असतं तर मीच पहिली हसले असते. "तुमी कागद आणा आत्या," तो म्हणाला, "म्या सोता ठराव मांडतो. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी पुना बैठक हाय, त्याच दिशी पाटी रंगवायला द्यायचीय. न्हायतर फरशी ज्यांनी दिली त्यांचं नाव लोक म्हणायलेत." जीपमधे परत येताना सगळा रस्ता ते हसू माझ्या कानात खडखडत होतं. माझा बाप असा सगळ्यांच्या बापांत मिसळून गेला होता, डाळीत डाळ मिसळावी तसा. आई गेली, ज्यांनी बघितलं ते गेले. उरलं माझं तोंड, आणि माझ्या तोंडाला लोक तोंडच समजतात.

श्रावस्ती इतिहास शिकते. ती म्हणाली, "आजी, जुने सरकारी कागद ज्या दप्तरखान्यात ठेवलेत, त्यांची माहिती आता ऑनलाइन आहे. नाव टाकायचं, गाव टाकायचं, साल टाकायचं. घरबसल्या हुडकता येतं." मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले, ती रोज बसत गेले. नाव टाक म्हटलं, आबाराव. तिनं टाकलं. पडद्यावर ओळ आली, आपल्या शोधाशी जुळणारी नोंद आढळली नाही. आबाराव सट्वाजी. आढळली नाही. बनसोडे टाकलं तर कुठल्या तरी विहिरीच्या भांडणातले बनसोडे आले, ते आमचे नव्हेत. आमच्यात आडनावं लावायची पद्धतच मागून आली. जिल्हा धाराशिव टाकला तर सगळंच पुसलं गेलं. श्रावस्ती म्हणाली, "आजी, तेव्हा उस्मानाबाद होतं ना, कागदावर जे असतं तेच टाकावं लागतं." उस्मानाबाद टाकलं तर एवढ्या नोंदी उतरल्या की वाचता वाचता डोळ्यांना पाणी आलं. पुन्हा आबाराव. आढळली नाही. ती ओळ मला पाठ झाली. कचेरीतला बाबू निदान मान हलवून नाही म्हणतो, पान तरी थुंकतो. हे यंत्र तसंच्या तसं, न चिडता, न दमता नाही म्हणायचं. आणि एका दुपारी तिनं हळूच विचारलं होतं, "आजी, त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं बोलवायचे का कुणी?" मी म्हणाले, "न्हाय. आबाराव." असं म्हणाले की तिनं पुन्हा विचारलं नाही. खोटं बोलले नाही मी. ते नाव नव्हतंच, ती हाक होती. कुत्र्याला हाड म्हणतात ते काय कुत्र्याचं नाव असतं?

पण त्या कागद लिहिणाऱ्याला नाव आणि हाक यांतला फरक कुठं ठाऊक असणार. सूप बाजूला सारून बसल्या जागी मी हे स्वतःला सांगत होते आणि स्वतःचाच राग येत होता. दुकानदार ज्या राज्यात वाढला, कागद लिहिणारा त्याच राज्याचा. त्याच्यासमोर बाप उभा केला असेल, हात बांधून. नाव काय? विचारलं असेल का? का बरोबर आलेल्या पाटलानं परस्पर सांगितलं असेल? बाप स्वतः बोलला असेल तर काय बोलला असेल? हे मला आईनं कधी सांगितलं नाही, तिला ठाऊक नसणार. 'आबाराव' म्हणाला असेल आणि लिहिणाऱ्याच्या टाकाला जड झालं असेल, असं मी मनाशी धरून बघितलं. मग दुसरं धरून बघितलं, की तो खांदा, मान, आवाज असा एकेक खाली घेत स्वतःच म्हणाला असेल, आब्या. दुसरं धरवेना. हातातून निसटत होतं, तरी मी ते पुन्हा पुन्हा उचलत होते. शेवटी भिंतीला धरून उठले आणि आत गेले.

"काढ," मी म्हटलं.

तिनं फोन कानापासून खाली घेतला. "काय काढू आजी?"

"माझा बाप काढ. दोन दिस झाले लपवून ठेवलायस त्यो."

तिचं तोंड उतरलं. रडकी नाही ती, माझी नात आहे. ओठ आत ओढून घेते. "आजी, रागवू नका. मला वाटलं तुम्हाला लागेल."

"लागंल तर लागंल. म्या काय काचंची हाय? काढ."

तिनं लॅपटॉप उघडला. "नाव सोडून नुसतं गाव टाकलं, तेव्हा आला," ती म्हणाली. मी चष्मा पुसला, खुर्ची ओढली नाही, उभीच राहिले. बापासमोर बसून कसं चालेल. पडद्यावर एक चौकट होती, आणि तिच्यात चार ओळींत माझा बाप. मी अक्षराला अक्षर लावत वाचू लागले आणि श्रावस्ती शेजारी श्वास धरून उभी राहिली. आब्या वल्द सट्वा, कौम महार, साकीन कट्टेवाडी. दौऱ्यावरील अधिकाऱ्याचे सामान वाहण्यास नकार. अटक. माफी नामंजूर. सन १३५५ फसली. भाषा उर्दू. पाने चार. स्थिती जीर्ण.

वल्द, कौम, साकीन हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हेच असायचं. वल्द म्हणजे कुणाचा मुलगा, कौम म्हणजे जात, साकीन म्हणजे राहणार कुठला. फसली साल निजामाचं, ते वेगळं चालायचं. श्रावस्तीनं हिशेब करून सांगितलं, शेचाळीसच्या आसपास. म्हणजे आई तेव्हा पंधरा-सोळाची, नवी नवरी. 'नकार' या शब्दावर मी बोट ठेवलं. पडदा गार होता. न, का, र. एवढ्याशा तीन अक्षरांत तो बसला होता, ओझ्यावर, शिवेवर, उन्हात. आईच्या तोंडातनं शंभरदा ऐकलं होतं, पण आई माझी होती; हे अक्षर कुणाचंच नव्हतं, त्याला माझ्या बापाचं काही देणंघेणं नव्हतं, आणि तरी ते तेच सांगत होतं. तेवढ्यात माझं लक्ष 'आब्या'कडं गेलं, आणि मग 'जीर्ण'कडं. "स्थिती जीर्ण कुणाची?" मी विचारलं. "कागदाची, आजी," ती म्हणाली. "कडा झडल्यात असं असेल. आणि आजी, हा मूळ कागद नाही बरं का. मूळ चार पानं उर्दूत आहेत, ती तिथं जाऊनच बघावी लागतात. हे फक्त वर्णन आहे. कुणीतरी ती पानं चाळून आत काय आहे ते दोन ओळींत लिहून ठेवलंय, म्हणजे हुडकणाऱ्याला कळावं."

"म्हंजे स्थळाची माहिती," मी म्हटलं. "मुलगी गोरी, उंच, गृहकृत्यदक्ष."

ती हसली, बऱ्याच वेळानं. "तसंच."

"मग हे माफी नामंजूर काय हाय?"

हसू गेलं. तेव्हा मला कळलं की पोरगी दोन दिवस ज्याला भ्याली ते 'आब्या' नव्हतं, हे होतं. ती पडद्याकडं बघत म्हणाली, "म्हणजे... पणजोबांनी माफी मागितली असेल, आणि सरकारनं ती दिली नसेल. तसा अर्थ निघतो." मग घाईनं, "किंवा सरकार म्हणालं असेल माफी माग, सोडतो, आणि त्यांनी ती मागायला नकार दिला असेल. तसाही निघतो. कुणी नामंजूर केलं ते लिहिलेलंच नाही, आजी. लिहिणाऱ्यानं दोन शब्दांत उरकलंय." ती आणखी जवळ आली. "आजी, मी काय म्हणते, प्रेमानंदकाकांना सगळं कशाला दाखवायचं? मी याचा फोटो काढून तेवढी ओळ कापते. नकार, अटक, इथपर्यंतच. आणि नावाच्या जागी आपण आबाराव टाईप करू. कुणाला कळणार आहे? ते नाव चुकीचंच लिहिलंय त्यांनी."

चुकीचंच लिहिलंय. मला वाटलं होतं हे वाक्य मीच म्हणणार, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना नको झालं. मी खिडकीपाशी गेले. बाहेर कल्याणप्पाचा भाजीचा गाडा उभा होता आणि तो कुणाला तरी पाव किलोसाठी तोंड देत होता. रोजचं सगळं रोजच्या जागी होतं. आणि मी मात्र पुन्हा त्या ओट्यापुढं. सहा-सात वर्षांची. दुकानदार 'ए आब्या' म्हणाला आणि माझ्या हातात गुळाचा खडा होता, नुकताच विकत घेतलेला, आमच्या पैशाचा; तो मी नेम धरून त्याच्या तागडीत मारला. तागडी वाजली. अख्खा बाजार थांबल्यासारखा झाला. बापानं मला मागं ओढलं, मी त्याच्या धोतराच्या मागं, आणि तो हात जोडून म्हणत होता, "पोर हाय मालक. माफी करा. पोर हाय." पुन्हा पुन्हा. त्याच्या मांड्या थरथरत होत्या, माझ्या कपाळाला ते लागत होतं. म्हणजे माफी मागायला त्याला येत होतं. चांगलं येत होतं. ज्याच्या पाठीमागं कुणी उभं असतं त्याला ती मागावी लागते. आणि त्या शेचाळीसच्या साली त्याच्या पाठीमागं आई होती, पंधरा वर्षांची, कुडाच्या घरात एकटी. मागितली असेल. का मागू नये? कोठडीत कुणी मारलं असेल, कुणी म्हणालं असेल बोल दोन शब्द आणि घरी जा. किंवा म्हणाला असेल, नाही मागत. तेही त्याला येत होतं. मी दोन्ही बाप डोळ्यांपुढं उभे केले, एक हात जोडलेला आणि एक हात न जोडलेला, आणि दोघांच्या तोंडाकडं नीट बघितलं. तोंड एकच होतं. दोघंही शिवेवर बसून आले होते. प्रेमानंद विचारतो, मग ओझं उचललं कुणी. उचललं असेल दुसऱ्या कुणी, माझ्या बापानंही आधी वर्षानुवर्षं उचललंच असेल. पण ज्या दिवशी उचललं त्या दिवसाची माफी कुणी कुणाला मागायला लावली नाही, त्या दिवसाचा कागदही कुणी केला नाही. मुकाट उचललेल्याची नोंद होत नाही. माफीचा प्रश्न येतो तो नाही म्हटल्यावरच. ती मागितलेली असो की झिडकारलेली, तिच्या आधी 'नाही' उभं असतं, आणि ते तर त्या कागदात लिहून ठेवलंय त्यांनी, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या भाषेत. माझ्या बापाला आब्या म्हणत म्हणत लिहिलंय. आबाराव असं लिहिलं असतं तर कुणी म्हटलं असतं, असेल कुणी मोठा माणूस, त्याला काय नाही म्हणायला लागतंय. आब्यानं नाही म्हटलं. ज्याला उलटून 'जी'शिवाय दुसरा शब्द बोलायची मुभा नव्हती, त्यानं.

मी तो शब्द ओठांनी करून बघितला. आवाज न काढता. मग आवाज काढून. "आब्या." माझ्याच आवाजात ऐकला आणि काही पडलं नाही, फुटलं नाही. श्रावस्ती माझ्याकडं बघतच राहिली. मी परत येऊन या खेपेला खुर्ची ओढून बसले.

"कुठं हायत ती चार पानं?" मी विचारलं.

"लांब आहेत आजी. अर्ज करून तारीख घ्यावी लागते. आणि उर्दू वाचणारं कुणी तरी बरोबर पाहिजे. रविवारच्या आत होणार नाही."

"न होईना. अर्ज कर. सोयरीक स्थळाच्या माहितीवर कुणी करत न्हाय, मुलगी डोळ्यानं बघावी लागती. म्या येणार."

"तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे हायत, म्या बघते." मी तिच्या हातातला फोन काढून घेतला, कारण ती मघापासून त्या चौकटीचा फोटो काढायला बोट टेकवून बसली होती, ओळ कापायच्या बेतात. फोन मी पालथा टेबलावर ठेवला.

"तर रविवारी काय सांगायचं मग प्रेमानंदकाकांना?" ती म्हणाली. "ते हसतील आजी. आब्या ऐकून नाही हसणार कदाचित, पण माफी ऐकून हसतील. आणि पाटीवर दुसऱ्याचं नाव जाईल."

"जाऊ दे गेलं तर."

"मग एवढं हुडकलं कशाला?"

हा प्रश्न बरोबर होता. मी तिच्याकडं नीट बघितलं. माझंच नाक तिला आलंय, बापाचं. तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी जीव होता, आणि त्या जिवापायीच ती कात्री घेऊन बसली होती.

"ऐक श्रावस्ती," मी म्हटलं. "मला लागू ने म्हणून केलंस, ठावं हाय. तरी तुझं चुकलं. त्यान्नी माझ्या बापाचं 'राव' कापलं, आन् तू माफी कापाय निघालीस. दोघांच्या कात्रीखाली माणूस अर्धाच उरतो. रविवारी बैठकीत म्या न्हाय, तू उभी राहून वाचायचं. आब्या लिहिलंय तिथं आब्या, माफी लिहिलंय तिथं माफी. नामंजूर कुणी केलं म्हणून इचारलं, तर ठावं न्हाय म्हणायचं, चार पानं बघून येतो म्हणायचं. हसायचं त्यान्ला हसू दे. पण वाचताना तुझी मान खाली गेली, तर पुना माझ्या बापाला हुडकायचं न्हाय. मग त्यो दप्तरातच बरा."